ठाणे स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर

दोन-तीन लोकल सोडून मूल जिन्याखाली बसूनच आहे? समोर उभं राहून उलटतपासणी नको, शेजारी टेका. ‘पळून आलास का?’ऐवजी ‘काही खाल्लंस का?’ विचारा. वडापाव द्या, पण स्टेशनबाहेर नेऊ नका. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, किंवा रेल्वेच्या १३९ वर फोन करून फलाट नंबर आणि नेमका जिना सांगा. नुसतं ‘ठाणे स्टेशन’ म्हटलं की शोधण्यात वेळ जातो.

परस्पर घरी पोचवणं सगळ्यात वाईट. मार तिथेच पडत असेल तर ते पुन्हा निघतं, बहुधा लांबच्या गाडीने. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अशा मुलाला २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे नेतात. घरची चौकशी तिथून होते. ग्रुपवर फोटो अजिबात नाही, ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.