दमट हवेत माइट्सचा बंदोबस्त: सुरुवात अंथरुणापासून

सकाळी उठल्याउठल्या शिंकांवर शिंका येतात, नाक चोंदतं आणि उन्हं वर आली की आपोआप बरं वाटतं, असं होत असेल तर आधी अंथरूण तपासा. माझ्या मुलीला दमा आहे. तिच्यासाठी घर आवरताना माझी निम्मी मेहनत गादी-उशीवरच जाते.

अंथरुणातल्या धुळीतले माइट्स म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरचे जीव. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि लागणारं पाणी हवेतून शोषून घेतात. खरा त्रास देतात ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली, तर ते सुकून मरतात. पण उष्ण, दमट प्रदेशात खिडक्या उघडून हवा कोरडी होत नाही, बाहेरचा ओलावाच आत येतो. एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) असेल तर झोपायच्या खोलीत लावा.

गादी आणि उशी, दोन्हींना चेन असलेली, घट्ट विणीची माइटरोधक खोळ घाला. खोळ सगळ्या बाजूंनी बंद हवी. नुसती वरून पसरलेली चादर उपयोगाची नाही. चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने विष्ठा बरीचशी निघून जाते, माइट्स मात्र जिवंत राहतात. कडक उन्हात वाळवलंत तर चांगलंच, पण मेलेल्या माइट्सची घाणही त्रास देते, म्हणून ऊन दाखवलं तरी धुणं चुकत नाही. मुलीचं कापडी अस्वल मी पिशवीत बांधून रात्रभर नव्हे, चांगलं दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग धुते.

झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि त्या वेळी रुग्णाला खोलीबाहेर ठेवा. माइट्सच्या विष्ठेचे कण जड असतात, उडाले की थोड्याच वेळात खाली बसतात. त्यामुळे एअर प्युरिफायरपेक्षा खोळींवर पैसे घालवावेत, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करताना ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस तपासणार का, हे आवर्जून विचारा. उष्ण प्रदेशात हा माइट भरपूर असतो, आणि फक्त डर्मॅटोफॅगॉइडिस हा माइट्सचा दुसरा प्रकार तपासला तर ब्लोमियाची अ‍ॅलर्जी निसटू शकते. चाचणीआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या, तेही डॉक्टरांकडून समजून घ्या. दम्याचा इनहेलर मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका, घर कितीही स्वच्छ झालं तरी.