स्पॅनिश क्रियापदं: आधी तोडा, मग पाठ करा

नाशिकमध्ये नव्याने स्पॅनिश शिकू लागलेली मुलं मला बहुतेकदा एकच गोष्ट विचारतात: क्रियापदांचे तक्ते पाठ कसे करायचे? माझं सांगणं ठरलेलं आहे. आधी प्रत्येक रूप सिलॅबलमध्ये, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांत तोडा, जोर कुठे पडतो ते कानाने पकडा. पाठांतर त्यानंतर.

'आब्लो'मध्ये जोर 'आ'वर असेल तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर असेल तर 'तो बोलला'. काळही बदलला, कर्ताही. मराठीत नुसत्या जोराने असं होत नाही. आपला कान लघु-गुरूवर तयार झालेला, म्हणून आपण जोर द्यायच्या ऐवजी स्वर लांबवत बसतो. इथे स्वर थोडा लांबतो खरा, पण आवाज उठायलाही हवा.

वहीत देवनागरी उच्चार लिहिणाऱ्यांनी जरा जपून. 'कान्तो' हे डोळ्यांना का-न्तो दिसतं. स्पॅनिश तोडते कान-तो. दोन स्वरांमधली दोन व्यंजनं सहसा अशी वाटली जातात. मात्र प, ब, फ, क, ग यांच्यापुढे र किंवा ल आला, किंवा त, द यांच्यापुढे र आला, की जोडी फुटत नाही. म्हणून आ-ब्लो.

जोराचा नियम छोटा आहे. लिखित शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर, नाहीतर शेवटच्यावर. जोर याहून वेगळीकडे पडत असेल तर तिथल्या स्वरावर तिल्दे, म्हणजे तिरकी रेघ. 'गायचो'ची सहा रूपं बघा: कान्ताबा, कान्ताबास, पुन्हा कान्ताबा, कान्ताबामोस, कान्ताबाइस, कान्ताबान. जोर सगळीकडे 'ता'वरच, पण रेघ फक्त 'कान्ताबामोस'ला, कारण तिथे 'ता' शेवटून तिसरा होतो. 'दामे'ला रेघ नाही, 'दामेलो'ला आहे, तेही याच कारणाने. हे एकदा उमगलं की तिल्दे सहसा वेगळी घोकावी लागत नाही. आणि 'फुए', 'दिओ' ही एकाच सिलॅबलची रूपं जुन्या पुस्तकांत रेघेसह दिसली तर गोंधळू नका. १९५९ पासूनच्या नियमांत ती रेघ नाही.

खरी मेहनत स्वरांच्या जोड्यांवर घ्या. आ, ए, ओ बळकट. इ, उ दुबळे. दोन बळकट शेजारी आले की वेगळे होतात: ले-ओ. बळकटाशेजारचा दुबळा त्याच्यात मिसळतो: काम-ब्यो, दोनच सिलॅबल. पण जोर दुबळ्यावरच आला तर तो सुटा होतो: को-मी-आ, एम-बी-ओ. 'काम्ब्यार' (बदलणे) आणि 'एम्ब्यार' (पाठवणे) मूळ रूपात सारखीच वाटतात, तरी 'मी'च्या रूपात अशी वेगळी वागतात. कोणतं क्रियापद कुठल्या गटातलं हे शब्दकोशातच बघायचं.

सरावासाठी मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालते. एका पावलाला एक सिलॅबल, जोराच्या सिलॅबलला पाऊल ठाम. रूपं मोठ्याने म्हणायची, लोक बघतात त्याची लाज धरायची नाही. पहिले काही आठवडे फक्त '-आर' गट, म्हणजे मूळ रूप 'आर'ने संपणारी क्रियापदं घ्या. 'एम्ब्यार'सारख्यांची मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी यादी ठेवा.