पत्रकारितेच्या डिग्रीसाठी कॉलेज निवडताय? या चुका टाळा

कॉलेजची वेबसाइट उघडली की पहिला फोटो स्टुडिओचा असतो, मोठा कॅमेरा, मागे हिरवा पडदा, टेबलाशी बसलेली अँकर, आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. ही सगळ्यात कॉमन चूक. स्टुडिओ असणं चांगलंच आहे, पण त्या कॅमेऱ्याला पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावू देतात का, वर्गात मुलं किती आणि कॅमेरे किती, लेक्चर संपल्यावर एडिटिंगची लॅब उघडी असते का, हे कोणी विचारत नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा कॅमेरे, माइक देण्याघेण्याचं रजिस्टर बघायला मागा. त्यात रोजच्या रोज नोंदी दिसल्या तर मुलं खरंच शूटला बाहेर पडतायत. महिनोन्महिने पानं कोरी असतील तर काय ते समजून जा.

माझ्या मते कॉलेज जोखायची खरी जागा म्हणजे तिथल्या मुलांनी छापलेल्या, प्रसारित केलेल्या बातम्या. बाकी सगळं नंतर. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात 1908 मध्ये पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं, जगातलं पहिलं म्हणून त्याचं नाव घेतात, आणि तिथे वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, मुलांच्या पेपरचा पहिला अंकही निघाला. म्हणजे आधी थिअरी संपवू मग बघू असं नाहीच, शहरातल्या खऱ्या वाचकांसाठी खरा पेपर काढत शिकायचं, डोक्यावर अनुभवी संपादक बसलेले. आजही तिथली मुलं शहराच्या पेपरसाठी आणि विद्यापीठाच्याच मालकीच्या टीव्ही स्टेशनसाठी काम करतात. सगळ्या कॉलेजांना एवढं जमणार नाही हे मान्य, पण मुलांचा काहीतरी नियमित अंक, वेबसाइट, रेडिओ, पॉडकास्ट असायलाच हवा.

तो अंक मिळाला की नुसता चाळू नका, त्यातली एकच बातमी घेऊन शांतपणे वाचा. समजा फी वाढल्याची बातमी आहे. किती जणांशी बोललेत? फक्त प्राचार्यांचं म्हणणं आहे की ज्यांना फी परवडत नाही त्या मुलांचंही आहे? आधी किती होती, आता किती झाली, हा आकडा कुठल्या कागदावरून घेतला ते लिहिलंय का? नावं, तारखा नीट आहेत का? आणि मुख्य म्हणजे कॉलेजला अडचणीची ठरेल अशी एक तरी बातमी वर्षभरात आलीय का? अंकात फक्त स्नेहसंमेलन, पाहुण्यांचं स्वागत आणि बक्षीस समारंभ असतील तर ते कॉलेजचं प्रसिद्धीपत्रक झालं, तिथे बातमीदारी शिकायला मिळणं अवघड आहे.

दुसरी चूक कोर्सच्या नावावर जायची. मास कम्युनिकेशन, मीडिया स्टडीज, मास मीडिया, जर्नलिझम, ही नावं सरसकट वापरली जातात आणि आत जाहिरात, पीआर (जनसंपर्क), फिल्म, इव्हेंट असं सगळं असतं, पत्रकारिता येते ती शेवटच्या वर्षात थोडीशी. वाईट काही नाही, ज्याला जाहिरातीत जायचंय त्याला ते बरोबरच आहे. पण तुम्हाला रिपोर्टर व्हायचंय ना? मग सेमिस्टरवार सिलॅबस काढा आणि बातमीलेखन, संपादन, मुलाखत, मीडिया कायदा, आकडेवारी वाचणं, फॅक्टचेकिंग हे कितव्या सेमिस्टरला आहे आणि किती मार्कांना आहे ते बघा. मीडिया कायदा ऑप्शनल असेल तर मला ते धोक्याचं वाटतं, कारण बदनामी म्हणजे काय, कोर्टाची बातमी करताना काय लिहायचं नाही, पीडितेची ओळख कशी जपायची हे न शिकता फील्डवर गेलेला मुलगा स्वतःला आणि दुसऱ्यालाही गोत्यात आणतो.

नावाजलेलं नाव बघून धावणं हेही तसंच. कोलंबिया विद्यापीठाचं पत्रकारितेचं स्कूल 1912 पासून आहे, जगभर नाव आहे, पण तिथला पत्रकारितेचा अभ्यास पदवीनंतरचा आहे, बॅचलर्ससाठी तिथे जाता येत नाही. अशी गत बऱ्याच ठिकाणी असते, नाव मोठं असतं ते वरच्या कोर्समुळे आणि बॅचलर्सच्या वर्गाला शिकवणारे शिक्षक वेगळेच असतात. म्हणून संस्थेची नाही, तुम्ही घेणार त्या कोर्सची चौकशी करा. डिग्रीला मान्यता आहे का हेही कॉलेजच्या शब्दावर न सोडता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः बघायचं.

शिक्षकांबद्दल विचारताना टीव्हीवरचे कोण कोण लेक्चरला येऊन गेले याला फार महत्त्व देऊ नका. पाहुणा दोन तास बोलतो आणि जातो, तुमची कॉपी, म्हणजे तुम्ही लिहिलेली बातमी, कोण तपासणार ते महत्त्वाचं. सिनियर मुलांना भेटा आणि तपासून परत मिळालेली एखादी असाइनमेंट दाखवायला सांगा. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, खोडून नवा सुचवलाय, "हे कोण म्हणालं?" असं समासात लिहिलंय, पुन्हा लिहून आण म्हटलंय, असं दिसलं तर ते कॉलेज निम्मं पास. नुसती टिकमार्क आणि 8/10 असेल तर शिकवणं कमी आणि मार्क देणं जास्त. वर्गाचा आकारही बघा, अमेरिकेत पत्रकारितेच्या कोर्सना मान्यता देणारी जी परिषद आहे तिने प्रॅक्टिकलच्या वर्गात एका शिक्षकामागे 20 च्या वर मुलं नसावीत असा निकष ठेवलाय, त्यामागचं कारण साधं आहे, यापेक्षा जास्त कॉप्या एक माणूस ओळ न ओळ वाचून तपासू शकत नाही.

प्लेसमेंटचा आकडा ऐकला की लगेच विचारा, यातले न्यूजरूममध्ये किती? रिपोर्टर किती, डेस्कला, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या संपादित करायला, किती? कंटेंट रायटिंग, पीआर, कॉल सेंटर सगळं एकत्र मोजून आकडा मोठा करता येतो. भाषेचंही आधीच ठरवा, ज्या भाषेत पुढे काम करायचंय त्या भाषेत लिहायची सवय आणि तपासणारा माणूस तिथे आहे का, नाहीतर तीन वर्षं एका भाषेत पेपर लिहायचे आणि नोकरी दुसऱ्या भाषेत, हाल होतात. आणि जोडीला अर्थशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र असा एखादा विषय घेता येतो का ते बघा, बजेट वाचता येणारा रिपोर्टर कुठल्याही डेस्कला हवा असतो.

आता ज्यांनी ॲडमिशन घेतलीय आणि पहिल्याच सेमिस्टरला कळलंय की इथे काही होत नाही, त्यांनी आधी बदली मिळते का, केलेले क्रेडिट दुसरीकडे धरतात का ते लेखी विचारा, तोंडी आश्वासनावर थांबू नका. बदली शक्य नसेल तर चार-पाच जण मिळून स्वतःचं न्यूजलेटर सुरू करा, एकमेकांची कॉपी तपासा, एक बीट, म्हणजे बातमीदारीचा एक ठरलेला विषय, धरा आणि त्यावर नियमित लिहा. सुट्टीत छोट्या स्थानिक पेपरला किंवा रेडिओला इंटर्नशिप मागा, मोठ्या चॅनलमध्ये बऱ्याचदा नुसतं बघत बसावं लागतं, छोट्या ठिकाणी माणसं कमी असतात म्हणून पहिल्या आठवड्यातच बातमी हातात येते. छापून आलेली प्रत्येक बातमी तारखेसकट सेव्ह करून ठेवा, कारण पेपरची लिंक कधीही बंद पडते आणि मुलाखतीत संपादक आधी तेच बघायला मागतात.