हँडल बदलल्यावर पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बसवताना

मोटारसायकलला उंच किंवा रुंद हँडल बसवले की सगळे लक्ष आरसे आणि ग्रिप यांच्याकडे जाते, आणि पुढच्या डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपमध्ये ढकलणारा हँडलवरचा भाग, मात्र जिथे जागा उरेल तिथे आवळून टाकला जातो. ज्याला त्याच गाडीवरून इगतपुरीहून कसारा घाट उतरायचा आहे, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन परतायचे आहे, त्याने हे काम दुसऱ्यावर सोडले तरी स्वतः उभे राहून पाहावे. सिलिंडरची जागा दिसण्यावरून ठरत नाही. ती ब्रेकचा पाइप, ऑइलची पातळी आणि चालवणाऱ्याचे मनगट यांवरून ठरते.

त्यातही पहिला प्रश्न पाइपचा. जुन्या हँडलवरून सिलिंडर काढताना पाइप न सोडता क्लॅम्पचे दोन बोल्ट तेवढे काढावेत, आणि सिलिंडर उताणा न होऊ देता दोरीने बांधून ठेवावा. तो पाइपच्या आधाराने लोंबकळता कामा नये आणि या काळात लिव्हर दाबू नये. नवे हँडल बसल्यावर सिलिंडर हलक्या हाताने जागेवर धरून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे आणि पुढचे चाक जमिनीवरून उचलून शॉकअप पूर्ण लांब झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी. पाइप कुठेही ताणला, दुमडला किंवा पेट्रोलच्या टाकीवर घासला, तर तो ‘चालून जाईल’ असे समजू नये, योग्य लांबीचा नवा पाइप घ्यावा. पाइप वाचवण्यासाठी सिलिंडर वाकडा बसवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वाधिक वापरला जातो.

क्लॅम्प ज्या व्यासासाठी बनलेला असतो त्याच व्यासाच्या नळीवर तो बसतो. बहुतेक गाड्यांची ही नळी २२ मिलिमीटरची असते, काही क्रूझरची २५.४ मिलिमीटरची, मधे जाड असलेली हँडले टोकांकडे २२ पर्यंत निमुळती होतात, म्हणून मोजमाप सिलिंडर बसतो तिथेच घ्यावे. कमी व्यासाच्या नळीवर पत्र्याची पट्टी गुंडाळून भागवू नये. क्लॅम्पवर बाणाची किंवा ‘अप’ची खूण असेल तर ती वर ठेवावी, आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळावा आणि मग खालचा, अशा क्लॅम्पमध्ये फट खालीच राहायची असते. खूण नसेल तर दोन्ही बोल्ट आलटून पालटून सारखे आवळावेत. साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर जोर पुरतो, पण अंतिम आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा, कारण अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की दुरुस्ती महागात पडते.

आवळण्यापूर्वी गाडीवर बसून बोटे लिव्हरवर ठेवावीत: बोटे, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवेत. गाडी सरळ उभी आणि हँडल समोर असताना ऑइलची टाकीही जवळपास आडवी असावी. ती फार कलली तर पातळी खाली गेल्यावर आतले छिद्र उघडे पडून हवा शिरते. हाताला सोयीचा कोन आणि आडवी टाकी दोन्ही जमत नसतील, तर वेगळ्या टाकीचा सिलिंडर बसवणे हाच प्रामाणिक उपाय.

पाइप उघडावाच लागला, तर बँजो बोल्टच्या (पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घ्यावेत. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच घ्यावे, बहुतेक वेळा ते डॉट ४ असते. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कधीही मिसळू नये. डॉट ४ हवेतला ओलावा शोषते: नव्याचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस, तर पाणी मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि पावसाळ्यात उघडी ठेवलेली बाटली घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले की नेमकी इथेच घात करते. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा. हवा काढताना कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) निप्पलपासून सुरुवात करावी, पण शेवटचे बुडबुडे बहुधा वर, बँजोपाशी अडकतात; हँडल वळवून सिलिंडर सर्वांत उंच करावा, लिव्हर हळूहळू थोडीशीच दाबत सोडावी, म्हणजे ते टाकीत वर येतात. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेल्यास मात्र सर्व्हिस सेंटरच्या यंत्राची गरज पडू शकते.

शेवटी लिव्हर घट्ट दाबून एक मिनिट धरावी. ती हळूहळू ग्रिपकडे सरकली तर कुठेतरी गळती आहे, किंवा सिलिंडरच आतून गेला आहे. लिव्हर सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, ब्रेक दिवा लागतो का, हँडल दोन्ही टोकांना वळवूनही अॅक्सिलेटर आपोआप परततो का आणि सिलिंडर पेट्रोलच्या टाकीला टेकत तर नाही ना, हे पाहावे. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात काही वेळा ब्रेक लावून परत यावे, बँजोभोवती पांढरा कागद फिरवून ओल दिसते का ते तपासावे आणि क्लॅम्पच्या दोन्ही बोल्टना पुन्हा एकदा पाना लावावा.