पंचगंगेच्या काठावर निवारा केंद्र उभारताना

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. चिखली-आंबेवाडीसारख्या गावांच्या मंडळांनी धोक्याची वाट बघू नये. ३९ फुटांना जनावरांची पहिली ट्रॉली गावाबाहेर पडलेली असावी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे रात्रीही उघडतात आणि पाणी आलेल्या रस्त्यावरून अंधारात म्हशी हाकणं जिवावर बेततं.

म्हणूनच केंद्राच्या तयारीच्या यादीत पहिली जागा गोठ्याची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कितीतरी घरं वेळेवर रिकामी झाली नाहीत, ती दावणीला बांधलेल्या जनावरांपायी. म्हशींची सोय झाली की माणसं आपणहून निघतात. मुरमाड, उंच जागा बघा. मात्र ती पाण्याची टाकी आणि माणसांच्या निवाऱ्यापेक्षा उताराला खाली हवी, नाहीतर शेण-मूत वाहून टाकीपाशी येतं. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो ओली वैरण धरा, म्हणजे ५० जनावरांना १० दिवसांसाठी साडेसात टन. पावसाळ्यात उसाचं वाडं (शेंडे) मिळत नाही, तेव्हा मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या आधीच भरून ठेवा. पिशवीला भोक पडलं की आत बुरशी धरते. तेवढा मुरघास सरळ फेकून द्या, जनावराच्या पोटात जाऊ देऊ नका. जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस मे महिन्यातच टोचून घ्या, कारण तिचा असर यायला दोन-तीन आठवडे जातात. कानातल्या बिल्ल्याचा नंबर मालकाच्या नावासमोर वहीत हवा, पंचनाम्याला तोच लागतो.

दोन्ही पुरांत कोल्हापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन नळ बंद पडले होते, त्यामुळे टाक्या आधी भरून ठेवाव्यात. माणशी १५ लिटर धरलं तर २०० माणसांना रोज ३ हजार लिटर लागतं. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरतं, पण ती पूड थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे थोड्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून क्लोरीन उरलंय का ते बघा. ते नमुन्याचं पाणी पिवळं झालं तरच टाकी पिण्याला सोडा. गेल्या वर्षीची फोडलेली टीसीएलची पिशवी दमट हवेत निकामी झालेली असते. ती वापरली की सगळ्यांना वाटतं पाणी शुद्ध झालंय, आणि चार दिवसांत जुलाब सुरू होतात.

शौचालयं २० माणसांमागे एक. बायकांची वेगळी, आतून कडी आणि बाहेर दिवा असलेली. अंधार असला की बाया रात्रभर पाणीच पीत नाहीत.

स्वयंपाक केंद्रावरच करा. एका जेवणाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरा. लांबून येणारी भाताची पाकिटं वाटेतच आंबतात. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की ट्रक पलीकडेच अडकतात, म्हणून पहिल्या आठवड्याचं धान्य आणि गॅस आपल्या बाजूलाच साठवलेला हवा.

जुने कपडे नकोत, हे मदत करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. २०१९ मध्ये त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. त्याऐवजी मापासकट नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, चादरी आणि बॅटऱ्या असा नेमका आकडा कळवा. आकडा भरला की थांबा म्हणा. इन्सुलिन घेणारे, गरोदर बाया आणि अंथरुणाला खिळलेले यांची यादी गल्लीवार जूनमध्येच करा.

होडी असेल तर तिची क्षमता रंगाने बाजूवर लिहा आणि चढणाऱ्यांना अडवायला दुसऱ्या गल्लीतला माणूस उभा करा. आपल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

परतीचं सामानही आत्ताच बाजूला काढा: फावडी, गमबूट, फिनेल, ताजं टीसीएल. पंचनामा होईपर्यंत भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नये, निदान फोटो काढून ठेवावा. वायरमनने तपासल्याशिवाय घराचा मेन स्विच वर करायचा नाही.