इलिनॉयला निघालेल्या ठाणेकर पालकांसाठी: रात्रीचे अकरा आणि मुले

दर वर्षी जुलैत मी नौपाड्यातील घरी येतो, तेव्हा शिकागोच्या उपनगरांत राहायला निघालेले कोणी ना कोणी भेटायला येते. घरभाडे, शाळा, थंडीचे कपडे हे सारे विचारून होते. मुलांच्या रात्रीच्या फिरण्याविषयी मात्र कोणी विचारत नाही. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर रात्री अकरालाही मुले बसलेली असतात आणि दिवाळी पहाटेला तर आपणच त्यांना अंधारात उठवून राम मारुती रस्त्यावर पाठवतो, त्यामुळे यात कायद्याचा संबंध असेल असे मनातही येत नाही. कर्फ्यू म्हटले की आपल्याला दंगलीतील संचारबंदी आठवते. तिथे तो मुलांसाठी बारा महिने असतो.

इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार १७ वर्षांखालील मुलाने रविवार ते गुरुवार रात्री ११ नंतर आणि शुक्रवारी व शनिवारी मध्यरात्रीनंतर, सकाळी ६ पर्यंत, मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी असू नये. बरोबर चार मित्र असले तरी ती सोबत धरली जात नाही. शिकागो शहराने २०२२ मध्ये नियम आणखी कडक केला असून तिथे १२ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज रात्री १० ची मर्यादा आहे, आणि त्याहून लहानांना आणखी लवकरची. याउलट टेक्सासने २०२३ मध्ये शहरांना असे नियम करण्यास बंदी घातली, म्हणून डॅलसच्या मावसभावाचा सल्ला इलिनॉयमध्ये उपयोगी पडत नाही.

आमचा मुलगा १५ वर्षांचा असताना एका मंगळवारी रात्री पावणेबाराला मित्राकडून चालत येत होता आणि वाटेत उद्यानातील झोपाळ्यावर बसला. पोलीस अधिकारी त्याला दारापर्यंत घेऊन आला. मुलावर ठपका येऊ नये म्हणून मी पुढे होऊन सांगितले की, त्याची चूक नाही, मीच परवानगी दिली होती. आपल्याकडे ठाण्यात एवढ्यावर विषय मिटला असता. इलिनॉयमध्ये जाणूनबुजून परवानगी देणारा पालकही दोषी ठरतो. अधिकाऱ्याने गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून, बॅटरीच्या उजेडात माझ्या आडनावाचे एकेक अक्षर विचारून घेतले आणि दोन पावत्या फाडल्या, एक मुलाच्या नावाची आणि एक माझ्या. राज्याच्या कायद्यात दंड १० ते ५०० डॉलर आहे, पण आम्हाला खरा भुर्दंड नंतर पडला. ग्रीन कार्डाच्या अर्जात पोलिसांनी कधी पावती दिली आहे का, असा प्रश्न असतो, आणि त्या एका उत्तरासाठी आम्हाला न्यायालयाचे कागद जोडावे लागले व वकिलाची फी भरावी लागली.

म्हणून सांगतो: ‘मीच परवानगी दिली’ हे वाक्य दारात उभे राहून बोलू नका. खोटेही बोलू नका. वकिलाशी बोलून उत्तर देईन, असे नम्रपणे सांगता येते. पालकाने सांगितलेल्या कामासाठी मूल बाहेर पडले असेल आणि वाटेत कुठेही न थांबता परतत असेल, तर कायद्यात सूट आहे. नोकरीवरून थेट घरी येणाऱ्यालाही आहे. आमचा मुलगा थांबला होता. ‘असे कोणी पकडत नाही’ असे तिथल्या आपल्या मराठी मंडळातील जुनी माणसे ठामपणे सांगतात, आणि नवीन आलेला त्यांच्या शब्दावर विसंबतो, याचे मला फार वाईट वाटते.

उद्यानांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली वेळ सर्वांनाच लागू असते आणि आईवडील सोबत असले तरी सुटका होत नाही. शिकागोची बहुतेक उद्याने रात्री ११ ला बंद होतात, तर कुक काउंटीची, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येते त्याची, राखीव वने सूर्यास्तालाच. जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, पण डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच. ठाण्याहून आलेल्या आजी-आजोबांना संध्याकाळी पाचला फिरायला जायची सवय असते. त्यांना पहिल्याच दिवशी फाटकावरची पाटी दाखवा.