दूध संस्थेच्या छतावर सौर पॅनल बसवताय? या चुका टाळा

गावच्या दूध संस्थेवर सौर प्रकल्प बसला की दोन गोष्टी हमखास घडतात. फीत कापतानाचा फोटो तालुक्याच्या पेपरात येतो, आणि महिनाअखेरीस सचिव बिल हातात घेऊन विचारतो, "एवढा खर्च करून एवढंच कमी झालं?" आमच्या संस्थेतही हेच झालं. तेव्हा मी संचालक मंडळात होतो, त्यामुळे उत्तर शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. वर्षभर त्यात गेलं. पॅनल चांगले होते, बसवणाराही बरा होता. चुका आमच्या होत्या आणि बहुतेक सगळ्या पॅनल यायच्या आधीच्या.

आधी पॅनल, मग गळती

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घागरीला भोक आहे म्हणून कुणी मोठा नळ बसवत नाही. विजेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

दूध संस्थेत निम्म्याहून जास्त वीज बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी मोठी टाकी, खातो. तो योग्य वीज खातोय की नाही, हे कुठल्याही इंजिनिअरला न बोलावता काढता येतं. १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर त्यातून साधारण ३३ ते ३४ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. बऱ्या अवस्थेतला कंप्रेसर एक युनिट वीज घेऊन अडीच ते तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे हजार लिटरमागे १२-१३ युनिट लागायला हवेत. टाकीतला ढवळणी पंखा, धुण्याचं पाणी, उन्हाळा असं सगळं धरलं तरी १५.

कूलरच्या लाइनवर वेगळा मीटर लावून आम्ही महिनाभर रोज दोन आकडे वहीत लिहिले, दूध किती आलं आणि मीटर किती फिरला. सरासरी निघाली २१. कंप्रेसर बिघडला असेल म्हणून मेकॅनिक बोलावला. त्याने टॉर्च घेऊन मागचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) दाखवला, तर त्यात बोटभर जाड भुसा. शेजारच्या खोलीत पशुखाद्याची पोती, येणारा-जाणारा ती तिथेच आपटतो, आणि उडालेली भुकटी कंडेन्सरचा पंखा आत ओढून घेतो. चार वर्षं कुणी मागे डोकावलंच नव्हतं. मऊ ब्रशने आणि हवेच्या प्रेशरने जाळी साफ केली, पोती दुसऱ्या खोलीत हलवली, टाकीच्या झाकणाचं फाटलेलं रबर बदललं. आकडा १५ वर आला.

आता हिशोब बघा. आमचं संकलन रोजचं ३,००० लिटर. २१ च्या हिशोबाने दिवसाला ६३ युनिट, १५ च्या हिशोबाने ४५. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे एकट्या कूलरसाठी लागणारे १६ किलोवॉट ११-१२ वर उतरले. एका ब्रशने चार किलोवॉटचे पॅनल वाचवले. पण आमचा १६ चा प्रस्ताव तोपर्यंत मंजूर होऊन बसला होता. नोंदवही आधी केली असती तर, असं अजूनही वाटतं.

पंपाचंही असंच मोजता येतं. १०० टक्के कार्यक्षमतेचा पंप असता, तर एक युनिट वीज ३६७ घनमीटर पाणी एक मीटर वर उचलते. निम्मी कार्यक्षमता धरा. ५० मीटर उचल असेल तर एका युनिटला साधारण ३,६०० लिटर पाणी टाकीत पडायला हवं. टाकीचं माप माहीत असतं, मीटर समोर असतो, घड्याळही लागत नाही. दोन हजाराच्या आसपासच पाणी येत असेल, तर फूटव्हॉल्व्ह, झिजलेला इम्पेलर, दोनदा-तीनदा रिवाइंडिंग केलेली मोटार किंवा पातळ पाइप, यातलं काहीतरी आहे. अडीच इंचाच्या पंपाला दोन इंची पाइप जोडून 'पाणी तर येतंय' म्हणणारे मी खूप पाहिलेत.

दिव्यांवर फार लिहीत नाही. एलईडी आता सगळीकडे आहेत. साधा पंखा ७५ वॉट खातो आणि बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. संकलन केंद्रात दिवसभर फिरणारे पंखे असतील तेवढे बदला.

एका बिलावरून प्रकल्पाचा आकार

विक्रेता एक बिल मागतो, तुम्ही हाताशी असलेलं देता. ते पुष्टकाळातलं (दूध भरपूर येतं तेव्हाचं) असेल तर प्रकल्प मोठा होतो, कृशकाळातलं (दूध आटतं तेव्हाचं) असेल तर छोटा. बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हे खातं आर्थिक वर्षाशी बांधलेलं असतं. ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात ते तुम्ही भरता त्यापेक्षा बरेच कमी दराने. एप्रिल-मेच्या कडक उन्हातली जास्तीची वीज थंडीतल्या पुष्टकाळात वापरली जाते, हे आपल्याला सोयीचं आहे. पण 'मोठा प्रकल्प लावू, उरलेली वीज विकू' हा हिशोब छतावर जुळत नाही. आणि सभासदांना 'बिल शून्य' असं सांगूच नका. स्थिर आकार राहतोच.

लाइट गेली तरी आपलं चालूच, हा गैरसमज

आमच्या उद्घाटनाच्या भाषणात हे वाक्य होतं. आठवड्याने सकाळी नऊला लाइट गेली, डोक्यावर लख्ख ऊन, आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद. फसवलं गेल्यासारखं सगळ्यांना वाटलं.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर बंद व्हायलाच हवा. तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमची वीज जाईल. तेव्हा कुणी 'जुगाड करून देतो' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जनरेटर असेल तर चेंजओव्हर (लाइन बदलणारा स्विच) असा हवा की जनरेटर आणि सौर इन्व्हर्टर एकाच वेळी एका लाइनवर येणार नाहीत. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागतो.

बॅटरीवर कंप्रेसर चालवायचा मोह होतो. कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढतो, तेवढी बॅटरी आणि इन्व्हर्टर संस्थेला परवडत नाही. काटा, फॅट मशीन, संगणक आणि चार दिवे यांच्यापुरती बॅटरी ठेवा. दूध थंड ठेवायला जनरेटरच लागेल.

पॉवर फॅक्टरचा चकवा

हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बिलात पॉवर फॅक्टरचा किंवा केव्हीएएचचा (दोन्ही प्रकारची वीज धरून मोजलेल्या युनिटचा) रकाना असेल तर सौर बसवल्यावर तो बिघडलेला दिसतो. मोटारी आणि कंप्रेसर दोन प्रकारची वीज मागतात: एक काम करणारी, दुसरी मोटारीतलं चुंबकत्व उभं करणारी. दोन्हींच्या एकत्रित मागणीत पहिलीचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर (एकत्रित म्हणजे साधी बेरीज नव्हे). साधारणपणे लावलेला सौर इन्व्हर्टर फक्त पहिली देतो. दुसरी ग्रिडकडूनच येते.

समजा, सकाळी साडेनऊला भार १२ किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.८. म्हणजे चुंबकत्वाची मागणी ९ केव्हीएआर. त्या वेळी पॅनल ६ किलोवॉट देतात. ग्रिडकडून काम करणारी वीज राहिली ६, पण चुंबकत्वाची तशीच ९. ग्रिडच्या नजरेत तुमचा पॉवर फॅक्टर ०.५५ झाला! मोटार तीच, वायरिंग तेच, दोष कुणाचाच नाही. फक्त भागाकार बदलला.

इलाज जुनाच आहे, कपॅसिटर. पण एक मोठा कायमचा कपॅसिटर टांगून चालत नाही. भार कमी असताना तो उलटा त्रास देतो. भार पाहून आपोआप टप्पे जोडणारा एपीएफसी पॅनल घ्या, आणि तो सौरच्या कोटेशनमध्येच मागा. काही इन्व्हर्टरमध्ये ही वीज देण्याची सोय असते, ती सेटिंगमधून सुरू करावी लागते. बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय तो स्वतःहून सांगत नाही.

भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो

ढग नाहीत, धूळ नाही, तरी दुपारी बारा ते तीन उत्पादनात खड्डा. अशा वेळी इन्व्हर्टरचा एरर कोड वाचा. बहुतेकदा 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' असतो. गावातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीपंप बंद असले की व्होल्टेज चढतं. फेजला २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो.

तासातासाचं व्होल्टेज तीन दिवस लिहा, तिन्ही फेजचं. एकच फेज चढत असेल आणि दुसरा पडत असेल, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता मोठी आणि ते आधी दुरुस्त करा, नाहीतर संगणक आणि फॅट मशीन जळेल. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असली तरी व्होल्टेज इन्व्हर्टरच्या टोकाशी चढतं. तिन्ही फेज सारखेच चढत असतील तर वहीतल्या नोंदींसह वीज कार्यालयात अर्ज द्या आणि डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलून मागा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेऊ नका.

सावली, काजळी आणि बोअरचं पाणी

झेंड्याच्या खांबाची सावली बारीक दिसते, पण पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. एका पॅनलचा काही भाग झाकला की त्या भागाचं उत्पादन जातंच, आणि जोडणी कशी आहे त्यावर माळेलाही फटका बसतो. डिसेंबरमध्ये सावल्या लांब पडतात. मे महिन्यात पाहणी करून जागा ठरवू नका.

ऊसपट्ट्यात गाळप हंगामात पाचट जाळल्याची काजळी आणि गुऱ्हाळाचा धूर पॅनलवर चिकट थर धरतो. नुसत्या पावसाने तो जात नाही. पण धुताना बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि तेही निघत नाहीत. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, मऊ फडकं आणि सकाळी लवकरची वेळ. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

अनुदानाची सरमिसळ

प्रधानमंत्री सूर्यघर योजना घरांसाठी आहे: १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,०००. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरालाही त्यात मदत आहे. दूध संस्थेच्या इमारतीला ती मिळत नाही. शेतीपंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' वेगळी. तिथे सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के, आणि पंपाची क्षमता जमिनीवरून ठरते. अनुदान मिळेल असं गृहीत धरून ठराव केलेली एक संस्था मला माहीत आहे. आगाऊ रक्कम भरून झाल्यावर त्यांना हे कळलं.

सभासदांच्या शेतीपंपांचा विषय निघालाच आहे तर, ऑटो स्विच काढायला सांगा. लाइट आली की डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी जळतो. महावितरणही वर्षानुवर्षं हेच सांगतंय: ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

हिशोब फक्त ऑफिसच्या कपाटात

सहकारातली वीज आपल्याकडे नवी नाही. १९७० च्या आसपास श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली, सभासदांना स्वतः वीज वाटू लागली. महावितरणच्या घाऊक विजेच्या थकबाकीचा वाद वाढत गेला, आणि २०११ मध्ये परवान्याची मुदत संपून वितरण महावितरणकडे गेलं. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी उलट मार्ग धरला: सहा जणांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि जास्तीची वीज २५ वर्षांच्या कराराने ४ रुपये ६३ पैसे युनिटने वीज कंपनीला विकू लागले. तिथे विनाकारण पंप चालवणं परवडत नाही, कारण न चालवलेल्या तासाचे पैसे मीटर दाखवतो.

तेव्हा कूलर, पंप आणि सौर, तिघांना वेगळे मीटर लावा. पॅनलची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची बहुधा पाच ते दहा. म्हणजे मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागणार, त्याचा निधी पहिल्या वर्षापासून बाजूला काढायचा ठराव ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत करून घ्या. पॅनलचे आणि इन्व्हर्टरचे सिरीयल नंबर, बिलं, हमीपत्रं एका फाइलमध्ये, आणि तिची प्रत सचिवाच्या घराऐवजी संस्थेत.

आम्ही संकलनाच्या खिडकीशेजारी एक फळा टांगला. रोज खडूने तीन आकडे: कालचं दूध, कूलरचे युनिट, सौरचे युनिट. दोन महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी रांगेतल्या एका आजींनी कॅन खाली ठेवला आणि विचारलं, "बाळा, काल एवढं ऊन होतं, मग तिथे भोपळा का लिहिलाय?" वर जाऊन बघितलं तर एसी बाजूची एमसीबी पडलेली होती, आदल्या दिवशी सकाळपासून.